मेलेल्या बायांची मतं

५ नोव्हेंबर २००६, रविवार

बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्याला एक उपदेश छापला आहे म्हणे. आजचा असा : वेळेवर फवारणी करा, भरघोस उत्पन्न घ्या. आमची फवारणी तीन वर्षं वेळेवर आहे. उत्पन्नालाच कोणी उपदेश केला नाही वाटतं.

बोलते मी, लिहितो माझा मुलगा शमुवेल. मला अक्षर येत नाही. मिशनच्या शाळेत मी जात असे ती शेणानं सारवायला. शमू बारावीपर्यंत गेला आणि नापास झाला. हे त्याला लिहायचं नव्हतं. म्हटलं, लिही. लिहिलं. तो म्हणतो, तुझी बोली जरा इस्त्री करून लिहितो. म्हटलं, कर इस्त्री, पण कपडा जाळू नको.

रोज सात ते आठ बसायचं ठरलं. तो म्हणाला, "सात ते आठच काहून?"

"मले त्याच टायमाले आठवते."

त्याच वेळेला स्टँडवरचं नानाजीचं देशी दारूचं दुकान भरतं, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

सून सुशीला ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन यवतमाळला भावाकडे गेली. तिथं एका दवाखान्यात काम करते. जाताना उंबऱ्यातून म्हणाली, "आई, ज्या दिवशी गावातलं दुकान उठंल त्या दिवशी मी येईन. तवरक बोलावू नका." तिनं भांडण केलं नाही, रडली नाही. भांडली असती तर मी समजूत काढली असती. शांत माणसाची समजूत कशी काढायची?

आज उपासनेत पाळकांनी सांगितलं की सरकार देवानं नेमलेलं असतं, आपण त्याच्या आज्ञेत राहावं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "पाळक, सरकार देवानं नेमलं. नानाजीच्या दुकानाचं लायसन सरकारनं देलं. मंग ते लायसन कोणाचं झालं?"

साळवे पाळक नगरकडचे, वयानं लहान, बोलणं एकदम स्वच्छ. म्हणाले, "आजी, यावर मी प्रार्थना करून सांगतो."

पाळकाला उत्तर येत नसलं की तो प्रार्थना करतो. सरकारला येत नसलं की समिती नेमतं. कपाशीच्या भावावर सध्या तिसरी समिती चालू आहे.

७ नोव्हेंबर, मंगळवार

बेबीताई धावत आली. ही आमच्या आळीच्या तोंडाशी राहते, अंगणवाडी चालवते, कुणब्याची सून आहे आणि तिला कुजबुजता येत नाही. दारातूनच ओरडली, "आजी, तारीख लागली वं! तीन डिसेंबर, रविवार!"

श्रावणात आम्ही गावातल्या बायांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले होते, दुकान उठवावं म्हणून. साहेब येऊन अंगठे तपासून गेला. माझा अंगठा उमटेना. कापूस वेचून वेचून रेघाच गेल्या आहेत. तो म्हणाला, "आजी, अंगठा कोरा आहे तुमचा." मी म्हटलं, "डोकं बी तसंच हाये साहेब, पण काम करते."

तर आता मतदान आहे, फक्त बायांचं. कागदावर दोन बाटल्या काढलेल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहतं, आडवीवर मारला तर उठतं. एवढ्या वर्षांत सरकारनं पहिल्यांदा माझ्यासारखीला वाचता येईल असं काही छापलं.

पण मेख आहे. आलेल्या बायांपैकी अर्ध्या नाही चालत. यादीतल्या सगळ्या बायांपैकी अर्ध्याहून जास्त पाहिजेत. आमच्या चिंचमाळच्या यादीत चारशे बारा बाया आहेत. म्हणजे दोनशे सात. जी माहेरी गेली, जी झोपून राहिली, जी चुलीपुढून उठली नाही, ती न बोलता उभ्या बाटलीची.

"हे कोणतं गणित वं?" मी विचारलं.

"सरकारी," बेबीताई म्हणाली.

शमूचं अक्षर आज पाण्यात पडल्यासारखं आहे, असं बेबीताई सांगून गेली. हात कापतो त्याचा. घामही येतो, रात्रभर कूस बदलतो. हिवताप आहे. मी गवती चहा, आलं आणि काळ्या मिऱ्याचा काढा केला. प्याला बिचारा गुपचूप. दुकानातलं पितो तेव्हा तोंड वाकडं करत नाही, काढ्याला केलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

स्टँडवर नानाजी भेटला. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. दर नाताळाला आमच्या देवळावरच्या चांदणीला दिव्यांची माळ तोच देतो. शंकराच्या पिंडीवर पाणी ठिबकवणारी पितळी गळती त्याची, दर्ग्याच्या चादरीत हिस्सा त्याचा. गावातले सगळे देव त्यानं बांधून घेतले आहेत.

म्हणाला, "काकू, माझ्या पोटावर काहून उठल्या? तुमच्या येशूनंच त लग्नात पाण्याची दारू केलती. पाळकच सांगत होते."

स्टँडवरचे हसले. मी पण हसले. म्हटलं, "केली ना रे बाप्पा. पण त्यानं पाण्याची दारू केली, तू दारूचं पाणी करतं. अन त्यानं सगळ्या मांडवाले फुकट पाजली. तू बी पाज एक दिवस फुकट, मंग बसू शास्त्र काढून."

आता जास्त हसले, पण नानाजी नाही हसला. गिऱ्हाइकांतलाच एक म्हणाला, "पाणी टाकतं तू नानाजी, बुढी खरं बोलते."

घरी येईपर्यंत मला आनंद पुरला. मग वाटलं, आपण चेष्टेत जिंकतो आणि सून यवतमाळला राहते.

शमूला अजून ताप आहे. हे लिहिताना दोनदा पेन पडला.

१२ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर बेबीताई मतदारयादी घेऊन देवळात आली आणि मोठ्यानं वाचू लागली, म्हणजे कोण येईल कोण नाही ते ठरवता यावं. तिसऱ्याच पानावर मी म्हटलं, "थांब. हे सखूबाई त मेली."

"कवा?"

"किल्लारीचा भूकंप झाला त्या साली."

पुढच्या पानावर आणखी दोघी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मेलेली बाई मत द्यायला येत नाही, म्हणजे ती उभ्या बाटलीची. आमच्या विश्वासाप्रमाणे मेलेले उठणार आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण तीन डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत उठतील, याची खात्री पाळकही देईनात.

याद्यांची दुरुस्ती सध्या चालूच आहे. मेलेल्यांची नावं काढायचा अर्ज सोळा तारखेपर्यंत घेतात. पाळक म्हणाले, "आजी, तुम्ही सांगा, मी लिहितो. दफनाची वही आहेच ताडून बघायला."

मग मी डोळे मिटले आणि आमच्या दफनभूमीत शिरले. फाटकापासून सुरुवात केली. लिंबाखाली कोण, कुंपणाला कोण, ओढ्याच्या काठाला कोण. एकेका थडग्यापाशी थांबून नाव घेतलं. तिथून निघून गावच्या स्मशानात गेले, तिथून कब्रस्तानात. प्रत्येकीचं काही ना काही आठवलं. एकीनं मला गोधडी शिवायला शिकवलं, एकीनं माझी कोंबडी चोरली आणि रस्सा करून मलाच वाटीभर पाठवला. माझी थोरली जाऊ, मार्था गायकवाड, तिचंही नाव सांगितलं. तिनं माझ्याशी चाळीस वर्षं भांडण केलं आणि मरताना म्हणाली, "आता करमणार नाई तुले." खरंच नाही करमलं.

पाळक यादीवर बोट फिरवत गेले, नाव सापडलं की नंबर लिहीत गेले. एकोणीस निघाल्या. ग्रामसेवकानं खाली सही केली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. एकोणीस जणींना भेटून आल्यासारखं.

शमू दिवसभर गोधडीत होता. संध्याकाळी उठला आणि दोन भाकरी खाल्ल्या.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शमूनं तालुक्याला, बाभुळगावला, जाऊन अर्ज दिला, पोच आणली. काम बाभुळगावचं आणि परत आला यवतमाळच्या गाडीनं, दिवे लागल्यावर.

"यवतमाळले कायले गेलता?"

"झेरॉक्स."

"बाभुळगावले झेरॉक्स नाई?"

"लाइन नव्हती."

दाढी केलेली होती आणि तोंडाला लवंगेचा वास. लवंग कशाला खातात, ते मला शिकवू नका. वास झाकायला. हे मी त्याच्याकडूनच लिहवून घेते आहे, म्हणजे त्याला कळावं की मला कळतं. तो लिहितो आहे. अक्षर आज चांगलं आलं, असं त्यानंच सांगितलं. ताप उतरला असावा. काढ्याचा गुण.

रोज आठ वाजता वही मिटली की "पाय मोकळे करून येतो" म्हणून जातो आणि अर्ध्या तासात येतो. पूर्वी दोन तास लागत आणि पाय फारच मोकळे होऊन येत. आता थोडी पीत असेल. कायदा झाला की तीही सुटेल.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी मेले.

दुरुस्त यादी पंचायतीच्या फळ्यावर लागली. बेबीताई पाहायला गेली आणि परत आली ती गप्प. तिला गप्प पाहूनच मी घाबरले. म्हणाली, "आजी, तुमचं नाव नाई."

"छपाईत राह्यलं असंल."

"तसं नाई. काढलं. मेल्या म्हणून."

पाळकांना बोलावलं. ते आले, कागद काढले, बोट फिरवलं आणि लाल झाले. म्हणाले, "आजी, तुम्हीच सांगितलं होतं. मार्था गायकवाड."

"ते थोरली मार्था!"

"यादीत एकच मार्था गायकवाड होती."

"मंग ते कोण?"

पाळक खाली बघून म्हणाले, "तुम्ही."

आता हे नीट सांगायला पाहिजे. फार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एकाच दिवशी चौतीस माणसांचा बाप्तिस्मा झाला. पाद्रीबाबाजवळची नावं संपत आली असावीत. चार मार्था निघाल्या, पाच योहान. मग गावानंच आम्हाला वाटून घेतलं : थोरली, धाकटी, विहिरीजवळची, बोळकी. मी धाकटी. पन्नास वर्षांत मला कोणी मार्था म्हटलेलं नाही. नवरा "अवं" म्हणे, लेकरं आई म्हणत, गाव धाकटी आजी म्हणतं. माझं नाव मार्था आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. पाळकांना तर कोणी सांगितलंच नव्हतं. आणि थोरलीचं नाव यादीत तिचं आधीचं, लालीबाई, असंच पडून होतं. ते पाळकांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

म्हणजे माझं मरण मी स्वतः सांगून लिहवून घेतलं आणि माझ्या मुलानं ते तालुक्याला नेऊन पोच आणली. थोरली मात्र यादीत जिवंत आहे. मरूनही पुढं राहायची तिची खोड गेली नाही.

पाळकांना रडू यायचं बाकी होतं. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. बेबीताईही हसायला लागली. शमू हसला नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार

शमू पहाटेच तालुक्याला गेला, मला जिवंत करायला. दुपारी आला आणि चपला न काढता उभा राहिला.

"साहेब म्हणे, हरकत घेता येते. पण मंग सुनावणी होईन, यादी थांबन, मतदान पुढं जाईन. पुढं निवडणुकीची आचारसंहिता लागन. म्हणजे गेलं वर्षावर."

"अन हरकत नाई घेतली त?"

"त मतदान तीन तारखेलेच."

"मंग बस खाली. कायले हरकत घेतं?"

"आई, हे तुनं उभं केलं. तुलेच मत नाई?" त्याचा आवाज चढला. किती वर्षांनी मी त्याला शुद्धीत चिडलेला पाहिला! बरं वाटलं. चिडलेला पोरगा म्हणजे घरात कोणीतरी आहे.

मी म्हटलं, "हिशोब कर." तो बसला आणि त्यानं वहीतच केला. चारशे बारातून एकोणीस गेल्या, राहिल्या तीनशे त्र्याण्णव. अर्ध्याहून जास्त म्हणजे एकशे सत्त्याण्णव. दहा मतांचा फायदा.

"पाह्य," मी म्हटलं, "अठरा बाया मेल्या तवा नऊ मतं झाली. मी त नुसती तोंडानं मेली, तरी भर पडली."

प्रार्थनेला बसले तेव्हा मात्र देवाशी जरा भांडले. म्हटलं, प्रभू, तू तीन दिवस मेलास, मला बारा दिवस दिलेस. आणि सरकारलाही बोलले. पंचवीस वर्षं दर निवडणुकीला मला उचलून नेऊन मत द्यायला लावलं, तेव्हा कोणाच्या काही कामाचं नव्हतं. एकदा कामाचं आलं तर मी नाही.

पण मग वाटलं, आपण नसताना काम होतं का, हे बघायला किती जणांना मिळतं?

२६ नोव्हेंबर, रविवार

देवळामागं बायांचा सराव घेतला. बेबीताईनं अंगणवाडीच्या फळ्यावर दोन बाटल्या काढल्या. बटाटा कापून शिक्का केला, निळीत बुडवला. सगळ्या जातीच्या बाया आल्या होत्या. तांड्यावरच्या आल्या, मोहल्ल्यातून टेम्पोवाल्या इकबालची जुबैदा आली. तिला उभी आणि आडवीतला फरक विचारला तर म्हणाली, "इकबाल घरी येतो तसा, अन येऊन पडतो तसा." अशी हुशार बाई मतदानाला पाहिजे.

तेवढ्यात आमच्यातलीच एक म्हातारी कुरकुरली. स्टँडवर बोलतात म्हणे, बाटली आडवी झाली की प्रभुभोजनाचा प्यालाही बंद होणार. पाळक समजावायला लागले, कायदा, कलम. मी म्हटलं, "माय, आपला प्याला म्हणजे मनुका उकळलेलं पाणी. मीच उकळते. त्याले दारू म्हणणारा अजून जलमाले आला नाई." सगळ्या हसल्या. म्हातारी म्हणाली, "मनुका? मले इतक्या वर्षांत चढल्यावानी वाटे."

शमूनं फळा उचलून आणला, उचलून ठेवला. सगळ्या बायांना सलाम केला. नानाजीचं गिऱ्हाईक आणि आमचं हमालीचं काम करतं! देव कोणाकडून काय करून घेईल सांगता येत नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार

वाईट बातमी. दिग्रसच्या रस्त्याला नानाजीच्या साडूचं शेत आहे. त्यानं रविवारी कापूस वेचायला बाया बोलावल्या आहेत, किलोला दुप्पट भाव. अट एकच, दिवस मावळेपर्यंत थांबायचं. आधी निघालं तर साधाच भाव. इकबालचा टेम्पो ठरला आहे. सत्तावीस बायांनी होकार दिला, त्यात जुबैदाही.

बेबीताई रडकुंडीला आली. तिनं बोटं मोडून मोजलं. सत्तावीस गेल्या तर आपण एकशे ऐंशीच्या आसपास अडकतो.

मी त्या बायांना काय बोलणार? कापसाला भाव नाही म्हणून वेचणीलाही नाही. एका दिवसाला दोन दिवसांचं कोण सोडतं? मी तरी सोडलं असतं का?

रविवारी वेचणीला मी जन्मात गेले नाही. माझ्या बापाच्या वेळेपासूनचा नियम आहे. आज रात्री देवाला विचारते.

२ डिसेंबर, शनिवार

विचारलं. तो काही बोलला नाही, म्हणजे नाहीही म्हणाला नाही. जाते.

शमूला सांगितलं, "तू इथं थांब, म्हाताऱ्यायले खुर्चीवर बसवून बूथपर्यंत ने." म्हणाला, "नेतो." मग म्हणाला, "आई, उद्या नको जाऊ ना. उद्या घरी थांब." काहून म्हटलं तर सांगेना. पोटात काहीतरी लपवतो आहे.

३ डिसेंबर, रविवार. आगमनकाळाचा पहिला रविवार

हात दुखतात, गळा बसला आहे, तरी सगळं आजच सांगते.

पहाटे साडेपाचला टेम्पोत चढले. बाया चरकल्या. एकजण म्हणाली, "आजी, तुमी? रविवारी?"

"मी मेलेली हाव. मेलेल्याले कोणता रविवार?"

शेतावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. मी कमरेला कापसाची ओटी बांधली आणि सगळ्यांबरोबर कपाशीच्या ओळीला लागले. एक शब्द बोलले नाही. नुसती गाणी म्हटली, आधी आमची, मग त्यांची. बारा वाजेपर्यंत माझा कापूस दोघीतिघींपेक्षा जास्त झाला. बहात्तर वर्षांची मी! गर्व करू नये म्हणतात, पण झाला.

जेवायला बांधावर बसलो. जुबैदानं लोणचं वाढलं आणि म्हणाली, "अम्मा, तुम्ही इतक्या गप काहून? शिव्या तरी द्या."

मग मी बोलले. "शिव्या कायले देऊ? मले मत नाई म्हणून मी वेचून राह्यली. सरकारच्या कागदावर मी मेलेली हाव. तुमचं नाव त हाये. तुमी जित्या असून कायले मेल्यावानी इथं बसल्या?"

बाया भाकरी चावत राहिल्या. मग तांड्यावरची लालीबाई म्हणाली, "दुप्पट भाव जाईन, आजी." माझ्या थोरलीच्या जुन्या नावाची ही बाई, नवरा नेमसिंग रोज स्टँडवरून उचलून आणावा लागतो.

मी म्हटलं, "जाईन. मी नाई म्हणत नाई. मी कोणाले हात धरून नेणार नाई."

तेवढं बोलून मी उठले आणि माझं गाठोडं वजनाला नेलं. साधा भाव घेतला. टेम्पोत जाऊन बसले. एकटीच. मनात म्हटलं, झालं, आता यवतमाळ पुढच्या वर्षावर.

तर मागून लालीबाई आली. तिच्यामागं दोघी. मग पाचसहा. शेवटी सगळ्या रांगेनं, पदर झटकत. तेव्हा इकबाल खाटेवरून उठला. "अरे! मेरेकू संध्याकाळपर्यंतचं भाडं भेटलं. मी नाई नेणार."

जुबैदा त्याच्यासमोर उभी राहिली. "सुनो जी. गाडी आत्ता निघाली त रात्री घरात झोपाल. नाई निघाली त आजपासून याच टेम्पोत झोपा. गादी मी आणून देते."

इकबालनं आमच्याकडे पाहिलं, सत्तावीस बाया आणि एक मेलेली. किल्ली फिरवली. यवतमाळच्या पुढं म्हणाला, "मेरेकू तरी कुठं आवडते ते दुकान."

चार वाजता गावात शिरलो. शाळेसमोर रांग होती. बेबीताई आम्हाला पाहून अशी ओरडली की पोलीस उठून उभा राहिला. आणि रांगेत, शेवटून तिसरी, निळी साडी नेसून, माझी सुशीला.

मी टेम्पोतून उतरता उतरता थांबले. नात धावत येऊन कमरेला बिलगली. सुशीला रांग न सोडता म्हणाली, "सलाम, आई. माझं नाव इथल्याच यादीत हाये अजून."

"पण दुकान त अजून उठलं नाई. तू त म्हटलं होतं…"

"मत द्यायले आली," ती म्हणाली आणि शमूकडे पाहून हसली. गावासमोर, असं कसं हसली ते तिचं तिला माहीत.

सहाला मोजणी झाली. आडवी बाटली दोनशे तीन. उभी एकवीस. बाद सहा, त्यातल्या एकीनं दोन्ही बाटल्यांच्या मधोमध शिक्का मारला होता. पाहिजे होत्या एकशे सत्त्याण्णव. मेलेल्या बाया यादीत राहिल्या असत्या तर लागल्या असत्या दोनशे सात, आणि आम्ही हरलो असतो.

कोणीतरी ढोल आणला. पाळक टाळ्या वाजवत होते, नगरकडचे लोक इतपतच नाचतात. मी नाचले. मेलेल्या माणसाला कोण अडवणार?

६ डिसेंबर, बुधवार

रविवारपासून बंद असलेल्या दुकानाला आज अधिकाऱ्यानं सील लावलं. तीन दिवस झाले, सुशीला अजून इथंच आहे. दवाखान्यातून सुट्टी किती दिवसांची, हे मी विचारत नाही. विचारलं की लोक उत्तर देतात.

संध्याकाळी नानाजी आला. मला वाटलं भांडायला. म्हणाला, "काकू, चांदणीची माळ यंदा बी देईन. जनरल स्टोअर टाकतो आता." मी चहा दिला. पिताना म्हणाला, "एक विचारू? बाकीच्या बाया मले समजल्या. पण तुमी कायले इतक्या पेटल्या? तुमच्या शमूले त महिना झाला मी दुकानात पाह्यलं नाई. फुकट देतो म्हटलं तरी नाई आला."

मी म्हटलं, "यवतमाळले पीत असंल."

आतून सुशीला म्हणाली, "आई, यवतमाळले ते माझ्याकडे येत होते. दर गुरुवारी. आधी फोन करत, रोज आठ वाजता, स्टँडवरून."

नानाजी चहा संपवून गेला. मी शमूकडे पाहिलं. तो समोर वही घेऊन बसला होता, पेन उघडलेला.

"खरं का रे?"

"लिहू का हे?"

"आधी सांग."

"आई, तुले सांगतलं असतं अन दुसऱ्या दिवशी पेलो असतो त? म्हणून नाई सांगतलं."

"अन तो हिवताप?"

तो हसला. "काढा चांगला होता."

महिनाभर त्यानं माझ्या तोंडचं लिहिलं. तोंडाचा वास झाकतो, थोडी पीत असेल, नानाजीचं गिऱ्हाईक. एक शब्द गाळला नाही, एक शब्द स्वतःच्या बाजूनं घातला नाही. मी पाळक हलवले, तालुका हलवला, मेलेल्या उठवल्या, स्वतः मेले, सत्तावीस बायांची मजुरी बुडवली. आणि माझ्या घरचं काम इथं, या दिव्याखाली, मला न सांगता चाललं होतं.

तरी बरंच केलं म्हणा. नेमसिंगची लालीबाई दुपारी आली होती. म्हणाली, तीन दिवस झाले, नवरा घरी जेवतो, चिडतो, पण जेवतो. तिच्या घरात सात ते आठ लिहवून घेणारं कोणी नाही. अशी अजून पुष्कळ घरं आहेत. त्यांच्यासाठी सरकार लागतं.

पाळकांची प्रार्थना अजून चालू असेल, मी माझ्यापुरतं उत्तर काढलं. सरकार देवानं नेमलं असेल. पण ते उठवून कामाला लावायचं बायांवर सोडलं.

शमू विचारतो, उद्या तालुक्याला जाऊन तुला जिवंत करू का? म्हटलं, जाय. पण गुरुवार आहे, सुशीलेला घेऊन जा. पोचपावती नीट आण.

आता ती हाक मारते आहे, भाकरी थंड होतात म्हणून. आठ वाजले. आज याला पाय मोकळे करायला कुठं जायचं नाही.